तीन हाळ्या, दोन सुपं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. राखेनं घासून झाले, चिंच लावून झाली, रॉकेलही चोळून झालं, पण रंग काही हलायचं नाव घेईना. मी दहावीत होते, वर्गात मुली इनमीन चार, त्यामुळे लपायलाही जागा नव्हती. गणिताच्या गुरुजींनी मला फळ्याजवळ बोलावलं, हात उलटेसुलटे करून पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, गुरुजी, एडक्यांची स्क्वाड्रन रंगवत होते. सगळा वर्ग बाकांखाली जाऊन हसला. गुरुजींना वाटलं मी त्यांची टर उडवतेय. त्यांनी मला तासभर दारात उभं केलं आणि मी दारात उभी राहूनही हसतच होते, कारण त्या आठवड्यात आमच्याकडे जे घडलं होतं ते आठवलं की पोटात नुसत्या उकळ्या फुटायच्या. आता सत्तरीला टेकले, गुडघे कुरकुरतात, कवळी वाटीत असते, तरी ते आठवलं की तसंच होतं. सून म्हणते, आई, एकट्याच काय हसता. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आमचं घर पालीला, बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीखाली. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि समोर बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्यात मेंढरं. माणसांच्या खोल्यांपेक्षा ते कुंपण मोठं आणि जास्त नीट राखलेलं. पहाटे आधी खोकला ऐकू यायचा तो आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, की म्हाताऱ्या मेंढीचा, हे मला आजही सांगता येणार नाही. मग जात्याची घरघर, मग माय भाकरी थापायला बसली की थाप थाप थाप, आणि त्या थापेला धरून कोकरांचं बें बें. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ओल्या मिरचीचा ठेचा आणि मेंढीच्या दुधाचा दाट, पिवळसर चहा. त्या चहाची चव ज्याला ठाऊक नाही त्याची मला कीव येते. माझी नातवंडं नाकं मुरडतात, त्यांचीही येते.

दिवाळी झाली की आमच्याकडे वाडा निघायचा. हा वाडा दगडमातीचा नव्हे. दोन-तीन घरांनी आपापले कळप घेऊन एकत्र वाटेला लागायचं, घोड्यावर पालं आणि भांडी लादायची, गेवराईच्या बाजूला गोदाकाठी उतरायचं आणि काळ्या रानांत मेंढरं बसवत उन्हाळाभर फिरायचं, याला आम्ही वाडा म्हणतो. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याला लेंडीखत मिळतं, तो वाड्याला धान्य देतो. वाड्याला एक कारभारी असतो. तो पुढं चालतो, रान ठरवतो, पाणी शोधतो, गावाशी बोलतो. त्याच्या कळपामागं बाकीच्यांची माणसं पाळीपाळीनं चालतात. पावसाळा तोंडावर आला की वाडा परततो, मोडतो, आणि ज्याचा कळप त्याच्या दारात जातो. आमच्या वाड्यात तीन कळप होते. एक आमचा, एक मायच्या भावाचा, म्हणजे किसनमामाचा, आणि एक तुळशीरामआबांचा. आबा नात्याचे नव्हते, पण त्यांचं कुंपण आमच्या कुंपणाला लागून आणि त्यांचा राग आमच्या घरातल्या सगळ्यांच्या सवयीचा.

त्या साली कारभारी आण्णाच जायचे होते. पण दसऱ्याच्या आधी कोकरांसाठी बाभळीचा पाला तोडताना ते फांदीसकट खाली आले आणि मांडीचं हाड मोडलं. बीडच्या सरकारी दवाखान्यातून कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आले, आणि ओसरीत आडवे पडून जाणाऱ्या-येणाऱ्याला ती फांदी कशी वाळलेली नव्हती ते पटवून देऊ लागले. आता कारभारी कोण? आबा म्हणाले, वयानं मी मोठा. मामा म्हणाला, कळप माझा मोठा. दोघांनी एकमेकांच्या मागं चालणार नाही म्हणून खंडोबाची आण घेतली. आण घेऊन झाल्यावर दोघांनाही पश्चात्ताप झालेला दिसत होता, पण आण ती आण. तिन्ही कळप यंदा वेगवेगळे निघणार असं ठरलं.

यात माझं मरण होतं. वाडा एकत्र निघाला असता तर आमच्या मेंढरांमागं चालायला माणसं मिळाली असती आणि मी आण्णांना भाकरी करून घालत, अभ्यास करत मागं राहिले असते. कळप एकटा निघाला तर माय एकटी पुरणार नव्हती. थोरली बहीण सासरी, भाऊ मला नाही. म्हणजे कोकरं सांभाळायला आणि पालाशी चूल पेटवायला मीच. मार्चात परीक्षा आणि मार्चात मी गोदाकाठी. मायनं माझी घोंगडी काढून उन्हात टाकली. मी ती पाहिली आणि आत जाऊन भूमितीचं पुस्तक छातीशी धरून रडले. गंमत म्हणजे भूमिती मला मुळीच आवडायची नाही.

अशात बापूकाका आला. आण्णांचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी बीडच्या बसस्टँडवर ऊस खात उभा असताना त्यानं भिंतीवरची नौदलाच्या भरतीची जाहिरात वाचली आणि गेला. बिंदुसरेपेक्षा मोठं पाणी त्यानं तोवर पाहिलेलं नव्हतं. आता तो विमानवाहू जहाजावर होता, आणि दोन महिन्यांची रजा, एक पत्र्याची पेटी आणि अंगात मावणार नाही इतका उत्साह घेऊन घरी आला होता. जहाजाच्या डेकवर विमानं कुठं लावायची, कुठून काढायची, हे हातवाऱ्यांनी दाखवणं त्याचं काम. अशा लोकांचा तिथं पिवळा सदरा असतो, विमान ढकलणाऱ्यांचा निळा. तो पिवळा सदरा घालूनच बापूकाका एसटीतून उतरला. गावातल्या कुत्र्यांनी त्याला धरणाच्या भिंतीपर्यंत पिटाळलं.

संध्याकाळी ओसरीत सगळे जमले. मामा एका टोकाला, आबा दुसऱ्या टोकाला, मध्ये आण्णांचं प्लास्टर. बापूकाकानं मायचा तवा उपडा घातला आणि म्हणाला, हे जहाज. भुईमुगाच्या शेंगा ही विमानं. मग त्यानं समजावून सांगितलं. जहाजावर विमानं कायमची राहत नाहीत. ती असतात स्क्वाड्रनची, म्हणजे तुकडीची, आणि प्रत्येक स्क्वाड्रनचं घर जमिनीवर, आपापल्या तळावर. एक स्क्वाड्रन लढाऊ विमानांची, एक पाणबुड्या हुडकणारी, एक हेलिकॉप्टरची. प्रत्येकीचा नंबर वेगळा, खूण वेगळी, मुख्य वेगळा, मेकॅनिकसुद्धा वेगळे. जहाज समुद्रावर निघालं की या स्क्वाड्रन आपापल्या तळावरून उडत येतात आणि जहाजावर उतरतात. मग त्या सगळ्यांचा मिळून एक एअर ग्रुप होतो आणि त्यावर एकच माणूस. जहाज परत निघालं की बंदराला लागायच्या आधीच विमानं उडून आपापल्या घरी जातात, एअर ग्रुप सुटतो, आणि बंदरात शिरतं ते रिकामं जहाज. एवढं सांगून त्यानं तव्यावरच्या शेंगा तीन ढिगांत परत सारल्या आणि एक खाल्ली. मामानं विचारलं, ते कुठलं विमान होतं बे. काका म्हणाला, ते पडलं.

सगळे हसले, आबा सोडून. आबांनी बराच वेळ तव्याकडं तोंड करून विचार केला आणि एकच प्रश्न विचारला.

“आन उतरायला आदी कुणाचा नंबर?”

“ज्याचं तेल सरत आलंय त्याचा,” बापूकाका म्हणाला. “मोठा कोन, ल्हाना कोन, न्हाई बघत. आन आमच्या ग्रुपचा सायेब लई येळा सगळ्यात शेवटी उतरायचा.”

आबा म्हणाले, माणूस बरा दिसतोय. तुळशीरामआबांनी कुणाला बरं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि तेवढ्यात बापूकाकाच्या डोक्यात एक कल्पना शिरली. तो उठून उभाच राहिला. म्हणाला, अरे, आपला वाडा म्हणजे एअर ग्रुपच की. वाडा मी बांधून देतो. रजा दोन महिन्यांची आहे, चार दिवसांत बांधून देतो. तुम्ही एकमेकांच्या मागं चालू नका, दोघंही एअर ग्रुपच्या मागं चाला. आण मोडत नाही. आण्णा पडल्या पडल्या म्हणाले, आठ वर्षांत याला बरंच काय काय खायला घातलंय सरकारनं. पण मी तेव्हा काकाकडं अशी बघत होते की खंडोबा स्वतः पिवळा सदरा घालून आलाय. वाडा झाला तर माझी परीक्षा होती.

इथं बापूकाकाची चूक झाली, आणि ती आमच्यातल्याच माणसाकडून व्हायला नको होती. त्यानं आठ वर्षं डेकवर विमानं हलवली. लढाऊ तेवढी एकीकडं, हेलिकॉप्टर तेवढी एकीकडं, जातवारी लावायची. त्याला वाटलं, जात म्हणजेच स्क्वाड्रन. म्हणून त्यानं ठरवलं, तिन्ही कळप फोडायचे. सगळ्यांचे एडके मिळून एक स्क्वाड्रन, दुभत्या मेंढ्यांची दुसरी, भाकड आणि तरण्या मेंढ्यांची तिसरी. कळपाकळपाच्या पाठीवर ज्याचे त्याचे रंगाचे पट्टे असतात, आमचा लाल, मामाचा हिरवा, आबांचा पिवळा. ते धुवून टाकायचे आणि स्क्वाड्रनप्रमाणे नवे द्यायचे, एडक्यांना निळा, दुभत्यांना गुलाबी, बाकीच्यांना जांभळा. रंग तो बीडच्या बाजारातून स्वतः घेऊन आला, पक्का, सुताला लावायचा. मामाला कल्पना पटली, कारण त्याला रंगांची हौस. आबा तेवढे तीनदा म्हणाले, रंग कावून बदलायचा? तीनदाही कुणी उत्तर दिलं नाही, कारण तोवर सगळं गाव रंगात हात बुडवायला आलं होतं.

दोन दिवस आमच्याकडं होळी होती असं म्हटलं तरी चालेल. सांडव्याखालच्या पाण्यात मेंढरं ढकलायची, घासायची, बाहेर काढायची, वाळली की पट्टा ओढायचा. मला काकानं निळ्या रंगाच्या पातेल्यावर नेमलं. म्हणाला, मथे, तू निळी, डेकवर ढकलणारी. मी एडके ढकलले, एडक्यांनी मला ढकललं. आमचा कुत्रा मोत्या तिन्ही पातेल्यांतून गेला आणि तीन दिवस त्याला त्याचीच शेपटी ओळखू येईना. बायका वाटेनं जाताना पदर तोंडाला लावून थांबायच्या. गुलाबी मेंढी हिरव्या गवतात उभी राहिलेली तुम्ही पाहिली नसेल. मी चाळीसेक एकदम पाहिल्या आहेत. माय तेवढी कुंपणाशी बसून कोकराच्या खुरातला काटा काढत होती आणि मध्येच मान वर करून बघत होती. तिला पुढचं सगळं दिसत होतं, हे मला नंतर कळलं. का बोलली नाहीस, असं मी तिला पुढं विचारलं तर म्हणाली, सगळे किती वर्षांनी हसत होते.

तालमीच्या दिवशी सांडव्यापलीकडच्या माळावर काकानं फक्कीनं जहाज आखलं, कबड्डीचं मैदान आखतात तसं. एका टोकाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, त्याला एकच तोंड. तिथं तो दोन हातांत मायची दोन सुपं घेऊन उभा राहिला. जुन्या काळी जहाजावर विमान उतरवणारा माणूस असाच हातांत दोन फळ्या घेऊन उभा राहायचा, आता तिथं दिवे आणि आरसे आलेत, पण खुणा सगळ्यांना शिकवतात, असं तो म्हणाला. दोन्ही सुपं सरळ आडवी म्हणजे नीट येतोयस, ये. दोन्ही डोक्यावर नेऊन एकमेकांवरून हलवली म्हणजे उतरू नको, वर जा, एक चक्कर मारून पुन्हा ये. या खुणेत लाज नाही, भल्याभल्या वैमानिकांना ती मिळते, असंही त्यानं आम्हाला बजावलं. भिंतीवर निम्मं गाव बसलं होतं. शेंगा विकायला एकजण बीडहून आला होता, त्याला कुणी कळवलं कोण जाणे.

आधी एडके सोडले. एका कळपाच्या एडक्याला दुसऱ्या कळपाचा एडका समोर दिसला की तो दोन पावलं मागं सरतो, आणि का सरतो हे आमच्यातलं दुधावरचं पोरही जाणतं. आठ वर्षं समुद्रावर राहून काका तेवढं विसरला होता. निळ्या पट्ट्याचे तीन कळपांचे एडके एका रांगेत आले, एकमेकांकडं बघितलं, आणि सगळेच्या सगळे दोन पावलं मागं सरले. पुढच्या टकरींचे आवाज आमच्या घरापर्यंत गेले. आण्णा सांगत, मला वाटलं धरण फुटलं. काका सुपं डोक्यावर नेऊन जीव खाऊन हलवत होता, पण वर जा म्हटल्यावर एडका जाणार कुठं वर? मामाचा शिंगवाला एडका खुणेचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावून सरळ काकावर आला. पिवळ्या सदऱ्यातला काका आणि दोन सुपं, तिघं तीन वाटांनी सांडव्याखालच्या डबक्यात गेले. भिंतीवरून मामा म्हणाला, बापू, तुझं तेल सरलं का बे. मला हसून हसून कुशीत चमक भरली. तेवढ्यात गुलाबी आणि जांभळ्या स्क्वाड्रनही घाबरून सुटल्या आणि सगळा माळ तीन रंगांच्या खिचडीनं भरून गेला.

मामा हसत हसत खाली उतरला आणि तोंडं बघून आपली मेंढरं वेचायला लागला. मेंढक्याला त्याची मेंढी तोंडावरून कळते, पट्टा नुसता लांबून दिसायला असतो. आबा मात्र माळाच्या मधोमध काठी टेकून उभे होते, हलत नव्हते. मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. मी मोत्याच्या मागं धावत त्यांच्याजवळून गेले तसा त्यांनी माझा दंड धरला. दुसऱ्या हातात त्यांनी एका मेंढीचा कान पकडला होता आणि अंगठ्यानं चाचपत होते. हळूच म्हणाले, “मथे, ही माझी का गं?”

ती त्यांची घुंगरवाली म्हातारी मेंढी होती. अर्धा कान लांडग्यानं नेलेला, कपाळावर पांढरा ठिपका. पालीतल्या पाळण्यातल्या पोरानंही तिचं नाव सांगितलं असतं. माझं हसू जिथल्या तिथं थांबलं. रंग कावून बदलायचा, हे आबा तीनदा विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. पिवळा पट्टा तेवढा त्यांना दिसत होता. तोच मी माझ्या हातांनी धुतला होता. मला इतकं अपराधी वाटलं की मी हो म्हणायचंही विसरले आणि धावत मायकडं गेले.

माय उठली. तिला मी काही सांगायची गरजच नव्हती. गेली दोन वर्षं ती दिवस मावळताना मीठ मागायच्या, विस्तव मागायच्या निमित्तानं आबांच्या कुंपणाकडं जायची आणि त्यांची मेंढरं आत आली का ते बघून यायची. मला वाटायचं, आपल्या घरात मीठ इतकं कसं लागतं. ती आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, आबा, हाळी द्या.

प्रत्येक घराची मेंढरं बोलवायची हाळी वेगळी असते. आबांची हाळी लांब, उतरत जाणारी, शेवटी जीभ टाळ्याला लावून मोडलेली. ती त्यांनी दिली. माळावरची मेंढरं थांबली, आणि मग त्या खिचडीतून निळी, गुलाबी, जांभळी, सगळ्या रंगांची मेंढरं सुटी होऊन आबांकडं निघाली. एडके लढाई अर्धी टाकून आले. आबांच्या गुडघ्यांशी कळप भिडला आणि ते एकेकीच्या कपाळावर हात ठेवत गेले. मग मामानं त्याची हाळी दिली, आखूड, शिट्टीसारखी. मग मायनं आमची. एक भाकरी खाऊन व्हायच्या आत तिन्ही कळप पूर्ववत उभे होते, फक्त रंगीबेरंगी. फक्कीचं जहाज खुरांखाली पार मिटून गेलं होतं.

आबा तिथंच मेंढरांत खाली बसले. भिंतीवरचे लोक गप्प झाले होते, त्यामुळे ते जे बोलले ते सगळ्यांना ऐकू आलं.

“मला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. पट्ट्यावर भागत हुतं. कारभारी झालो असतो तर माझ्या मेंढरांमागं कुनीतरी दुसरं चाललं असतं, कुनाला कळलं नसतं.” मग म्हणाले, “पर हाळी माझी हाय.”

मामाची मान खाली गेली. आण घेताना त्यानं आबांना काय काय म्हटलं होतं ते त्याला आठवत असणार. डबक्यातून चिखलानं भरलेला बापूकाका वर आला, एका हातात एक सूप, दुसरं वाहून चाललेलं. मला वाटलं, तो आता तोंड लपवील. पण तो हसत होता. डोळ्यांत पाणी आणि हसतोय. म्हणाला, “चुकलो, वैनी. स्क्वाड्रन म्हंजी विमानाची जात न्हाई. बरूबर राहिलेली मान्सं. ती तिकडं बी कुनी फोडत न्हाई. जशी घरून आली तशी ऱ्हाती. वर मानूस एक येतो, तेवढंच.” आठ वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला पालीच्या माळावर डबक्यात पडल्यावर कळली. हे तो पुढं आयुष्यभर स्वतःच सगळ्यांना सांगत आला.

मग वर माणूस कोण, हा प्रश्न आबांनीच सोडवला. म्हणाले, कारभार पारूला द्या. पारू म्हणजे माझी माय. मामा चमकला. स्वतःची बहीण असली तरी बाईमाणसाच्या मागं वाडा चाललेला त्यानं ऐकला नव्हता. आबा म्हणाले, तिला तिन्ही हाळ्या येतात, तुला येतात का? मायला मामाची हाळी यायची कारण ती माहेरची, आमची यायची कारण ती सासरची, आणि आबांची ती दोन वर्षं मीठ मागता मागता शिकली होती. मामा ईर्षेला पेटला. त्यानं छाती भरून आबांची हाळी देऊन पाहिली. मोत्या तेवढा आला.

मायनं पदर खोचला आणि तीनच गोष्टी सांगितल्या. कळप ज्याचा त्याचा, बसणं ज्याचं त्याचं, हाळी ज्याची त्याची. पाण्यावर जो कळप जास्त तहानलेला तो आधी, आमचा सगळ्यात शेवटी. आणि मथी मागं राहील, तिची परीक्षा आहे. तिसरी गोष्ट तिनं पहिल्या दोन्हींच्याच आवाजात सांगितली, जणू तीही पाण्याचीच होती. मी त्या चिखलात, निळ्या हातांनी, सगळ्या गावासमोर नाचले. आजही लाज वाटत नाही.

वाडा निघाला तो रविवार होता. बापूकाका धरणाच्या भिंतीवर उभा, पिवळा सदरा धुऊन घातलेला, हातांत सुपं, एक जुनं, एक नवं. मी त्याच्या शेजारी. वर्गातल्या मुलीही आल्या होत्या, त्यामुळे मी जरा दहावीतली मुलगी उभी राहते तशी उभी होते. खालून आधी मामाचा कळप गेला, मग आबांचा, घुंगरवालीच्या मागं, आबांचा हात तिच्या पाठीवर. शेवटी आमचा. काकानं दर कळपाला सुपं आडवी धरून वाट दिली. माय मागं राहिलेल्या कोकरांसाठी थांबली आणि तिनं कोकरांची हाळी दिली, बारीक, तुटक, य्यो य्यो य्यो.

लहानपणी मी पालाशी कोकरांबरोबरच बांधलेली असायचे. मायनं मला वेगळी हाक कधी मारलीच नव्हती. ती हाळी कानावर आली आणि माझे पाय मला न विचारता भिंतीवरून खाली धावले. मुली मागं हसत होत्या. मी आणि कोकरं एकदमच मायपाशी पोचलो.

“तू कावून आलीस?” माय म्हणाली. “मी कोकरं बोलावली.”

तिनं माझ्या निळ्या हातांकडं पाहिलं, तोंडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, “जा आता. आब्यास कर.” मी वर बघितलं. बापूकाकानं दोन्ही सुपं डोक्यावर नेऊन एकमेकांवरून हलवली. उतरू नको, वर जा, चक्कर मारून पुन्हा ये. मी वळले आणि भिंत चढायला लागले.

अर्ध्या वाटेवर मागं बघितलं तर दोन कोकरं माझ्यामागं चढत आली होती. वाडा तर निघाला होता. मला ती काखेत मारून पुन्हा धावत खाली जावं लागलं. मायनं ती घेतली आणि या वेळी नुसती बघून हसली. परीक्षा मी पास झाले, तीही बऱ्या मार्कांनी. बापूकाका आता ऐंशीचा आहे, आणि ती दोन कोकरं आपोआप माझ्यामागं आली, हे त्याला अजून खरं वाटतं. आपोआप कशाला येतील? चढता चढता मी हळूच हाळी दिली होती.